हाडांच्या इन्फेक्शनवरच्या पेपरांची सायटेशन्स मोजायची कशी, आणि मुख्य म्हणजे वाचायची कशी

ऑर्थोपेडिक इन्फेक्शनवर "सगळ्यात जास्त सायटेशन असलेले 50 पेपर", "टॉप 100" अशा छापाचे लेख ढिगाने येतात (सायटेशन म्हणजे एका पेपरने दुसऱ्याला रेफरन्स म्हणून धरणं) आणि का येतात ते उघड आहे, पेशंट लागत नाहीत, फॉलोअप लागत नाही, डेटाबेस उघडला, मोठा आकडा वर लहान खाली असं लावलं, देश-जर्नल-वर्ष अशी तीन टेबलं केली की पेपर तयार. वाईट असतात असं नाही, पण या विषयात नुसत्या आकड्यांवर जी यादी निघते ती कोणत्या पेपरने उपचार बदलले हे सांगत नाही, कोणतं लेबल सगळेजण चिकटवतात एवढंच सांगते. व्याख्या, वर्गीकरण, रिव्ह्यू आणि गाईडलाईन हे चार प्रकार वरच्या जागा अडवून बसतात आणि खरा पुरावा देणारे छोटे ट्रायल खाली कुठेतरी. म्हणून खालची पद्धत थोडी वेळखाऊ आहे, पण शेवटी हातात काहीतरी सांगण्यासारखं येतं.

आधी प्रश्न ठरवा

"टॉप किती" हा प्रश्न नाहीये, ते फक्त आउटपुट आहे. प्रश्न असे असतात: नवी व्याख्या आल्यावर लोकांनी ती खरंच उचलली का, आणि किती वर्षांनी? एखाद्या औषधाच्या शिफारशीच्या मागे शेवटी किती पेशंट आहेत? इन्फेक्शनवाले फिजिशियन आणि ऑर्थोचे सर्जन एकमेकांचे पेपर वाचतात का, की दोघांच्या रेफरन्स लिस्ट वेगवेगळ्या जगातल्या आहेत? यातला एकच घ्या. तिन्ही एकदम घेतले तर एकही धड होत नाही, कारण प्रत्येकाला लागणारा डेटा वेगळा असतो, पहिल्याला वर्षवार सायटेशन लागतात, दुसऱ्याला सायटेशनचं वाक्य लागतं, तिसऱ्याला जर्नलांचे गट.

सर्च: इथेच निम्मं काम फसतं

या क्षेत्राची अडचण अशी की एकाच आजाराची नावं काळानुसार बदललीत. सांधा बदलल्यावरच्या इन्फेक्शनला कोणी पेरिप्रोस्थेटिक जॉइंट इन्फेक्शन म्हणतं, कोणी प्रोस्थेटिक जॉइंट इन्फेक्शन, जुने लोक डीप सेप्सिस किंवा इन्फेक्टेड आर्थ्रोप्लास्टी लिहायचे. फ्रॅक्चरच्या बाजूला तर आणखी मजा, फ्रॅक्चर-रिलेटेड इन्फेक्शन या नावाची एकमताने ठरलेली व्याख्या आली 2018 मध्ये, त्याआधीचं तेच काम पोस्ट-ट्रॉमॅटिक ऑस्टिओमायलायटिस (मार लागल्यानंतर हाडात झालेलं इन्फेक्शन), इन्फेक्टेड नॉनयुनियन (इन्फेक्शन होऊन न जुळलेलं फ्रॅक्चर), इम्प्लांट इन्फेक्शन अशा नावांखाली विखुरलेलं आहे. फक्त नवं नाव टाकून शोधलं तर ग्राफ 2018 नंतर असा काही वर चढतो की वाटावं हा आजारच तेव्हा सुरू झाला.

उलट बाजूने कचराही येतो. नुसतं ऑस्टिओमायलायटिस टाकलं की जबड्याच्या हाडावरचे दातांवाल्यांचे पेपर येतात, डायबेटिक फूट येतो, प्राण्यांवरचे मॉडेल येतात. पबमेड या वैद्यकीय डेटाबेसमधल्या प्रोस्थेसिस-रिलेटेड इन्फेक्शन्स या मेश हेडिंगमध्ये (विषयाच्या ठरावीक लेबलमध्ये) हृदयाच्या कृत्रिम झडपा आणि रक्तवाहिन्यांचे ग्राफ्टसुद्धा असतात, त्यामुळे ते एकटं वापरायचं नाही, सोबत आर्थ्रोप्लास्टी किंवा जॉइंट प्रोस्थेसिस जोडायचं. डायबेटिक फूट, मणक्याचं इन्फेक्शन, हाडांचा टीबी, लहान मुलांचा सेप्टिक आर्थ्रायटिस, हे आत की बाहेर ते सर्च चालवायच्या आधी लिहून ठेवा. नंतर ठरवलं की माणूस नकळत आपल्याला हवा तसा निकाल येईपर्यंत ठरवत बसतो.

सर्च नीट झाला की नाही ते तपासायला पंधरा-वीस माहितीतल्या पेपरांची यादी बनवा आणि सगळे सापडतात का बघा. त्यात वेगवेगळ्या जातीचे पेपर हवेत: वॉल्डफोगेल आणि सहकाऱ्यांचा 1970 चा न्यू इंग्लंड जर्नलमधला ऑस्टिओमायलायटिस, गस्टिलो-अँडरसन यांचा 1976 चा ओपन फ्रॅक्चरच्या (जखमेतून उघड्या पडलेल्या फ्रॅक्चरच्या) वर्गीकरणाचा, ग्रिस्टिनाचा 1987 चा सायन्समधला लेख, झिमर्ली-ट्रॅम्पूझ-ओक्सनर यांचा 2004 चा कृत्रिम सांध्यांच्या इन्फेक्शनवरचा रिव्ह्यू, ट्रॅम्पूझचा 2007 चा सोनिकेशनचा (काढलेल्या इम्प्लांटवरचे जंतू ध्वनिलहरींनी सुटे करून तपासण्याचा) पेपर, 2019 चा ओव्हिवा ट्रायल (अँटिबायोटिक तोंडावाटे की शिरेतून). आणि एक मुद्दाम टाका, कॉस्टर्टनचा 1999 चा सायन्समधला बायोफिल्मवरचा (पृष्ठभागाला चिकटून बसलेला जंतूंचा थर). याच्या शीर्षकात हाड नाही, सांधा नाही, इम्प्लांट नाही, त्यामुळे विषयाच्या शब्दांनी केलेल्या सर्चमध्ये तो बहुतेक सापडणारच नाही, आणि तरीही इम्प्लांट इन्फेक्शनवर लिहिणारे सतत त्याचाच आधार घेतात.

यावर उपाय सोपा आहे. दोन वेगळ्या याद्या करायच्या. एक, तुमच्या सर्चमध्ये सापडलेले पेपर आणि त्यांना सगळ्या जगातून मिळालेली सायटेशन्स. दोन, त्या सापडलेल्या पेपरांच्या रेफरन्स लिस्ट एकत्र करून त्यात कोणता जुना पेपर किती वेळा येतो. बिब्लिओमेट्रिक्समध्ये (पेपर आणि सायटेशन मोजण्याच्या शास्त्रात) पहिल्याला ग्लोबल आणि दुसऱ्याच्या जवळच्या गोष्टीला लोकल सायटेशन म्हणतात. कॉस्टर्टनचा ग्लोबल आकडा प्रचंड दिसेल पण त्यात दातांवाले, फुप्फुसांवाले, कॅथेटरवाले सगळे आहेत, आपल्याला हाडांवाल्यांनी त्याला किती धरलं तेवढंच हवंय. माझ्या मते दुसरी यादीच खरी, पहिली फक्त मिरवायला.

डेटाबेस कोणता

वेब ऑफ सायन्स, स्कोपस, गूगल स्कॉलर, तिघांचे आकडे कधीच जुळत नाहीत आणि जुळवायचा प्रयत्नही करू नका. स्कॉलर थीसिस, प्रीप्रिंट, पुस्तकं सगळं धरतो म्हणून त्याचा आकडा फुगतो, आणि तिथून हजारो रेकॉर्ड सरळ डाउनलोड करता येत नाहीत. वेब ऑफ सायन्समध्ये एक खाचखळगा आहे जो फार लोक लिहीतच नाहीत, कोणत्या वर्षापासूनचा डेटा दिसेल ते तुमच्या संस्थेच्या सबस्क्रिप्शनवर ठरतं, त्यामुळे तोच सर्च दोन ठिकाणी चालवला तर जुन्या पेपरांसाठी वेगळा निकाल येऊ शकतो. पैसे नसतील तर ओपनॲलेक्स आहे, 2022 मध्ये सुरू झालं, डेटा फुकट आणि खुला, रेकॉर्ड थोडे अस्वच्छ असतात पण रेफरन्स लिस्ट मिळतात आणि आपल्याला तेच हवंय. ज्या दिवशी डाउनलोड करणार त्याच दिवशी सगळं करा आणि तारीख लिहा, कारण आकडे रोज हलतात.

साफसफाई

कंटाळवाणं काम, पण केलं नाही तर निकाल चुकीचाच येतो, थोडाफार नाही, चांगलाच. सगळ्यात छान उदाहरण ऑस्टिओमायलायटिसच्या सिअर्नी-मेडर वर्गीकरणाचं. मूळ पेपर 1985 मध्ये कंटेम्पररी ऑर्थोपेडिक्समध्ये आला, आणि तोच 2003 मध्ये क्लिनिकल ऑर्थोपेडिक्स अँड रिलेटेड रिसर्चमध्ये परत छापला गेला. आता कोणी 1985 लिहितं, कोणी 2003 लिहितं, कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते दोन वेगळे पेपर, आणि हाडांच्या इन्फेक्शनमधलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वर्गीकरण यादीत दोन तुकड्यांत खाली घसरतं. ते एकत्र करायचं. करताना दोन्ही आकडे वेगळे लिहून ठेवायचे आणि मग बेरीज दाखवायची, वाचणाऱ्याला कळू दे.

असंच जर्नलांच्या नावांचं. जेबीजेएसचा (जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरीचा) ब्रिटिश भाग 2013 पासून बोन अँड जॉइंट जर्नल झाला, जर्नल ऑफ ट्रॉमाचं नाव 2012 ला लांबलं. हे न जोडता "आघाडीची जर्नल्स" असं टेबल केलं तर एकच जर्नल दोन ठिकाणी. जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट इन्फेक्शन तर 2016 पासूनचं, त्यामुळे त्याच्या एकूण बेरजेची तुलना जुन्या जर्नलांशी करायची नाही, ते त्याच्यावर अन्याय आहे. लेखकांच्या नावांत इनिशियलची गडबड असते, उमलाउटवाली नावं दोन-तीन प्रकारे येतात. व्हॉसव्ह्यूअर या सायटेशनचे नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये थेसॉरस फाईल देता येते, एका कॉलममध्ये चुकीचं रूप आणि दुसऱ्यात बरोबर, ती एकदा बनवली की पुन्हा पुन्हा वापरता येते.

जे एकत्र करायचं नाही तेही सांगतो. सांध्याच्या इन्फेक्शनच्या व्याख्या: 2011 ची मस्क्युलोस्केलेटल इन्फेक्शन सोसायटीची, 2013 च्या फिलाडेल्फियातल्या आंतरराष्ट्रीय कन्सेन्सस मीटिंगमधून आलेली सुधारित, 2018 ची गुण देणारी, आणि 2021 ची युरोपियन बोन अँड जॉइंट इन्फेक्शन सोसायटीची. या वरवर एकाच गोष्टीच्या आवृत्त्या वाटतात म्हणून लोक बेरीज करून मोकळे होतात, पण खरी गंमत त्यांच्यातल्या हस्तांतरणात आहे. वर्ष आडवं, सायटेशन उभं, चार रेषा काढा, एक कधी खाली यायला लागते आणि दुसरी कधी वर जाते ते दिसतं. फक्त निष्कर्ष काढताना सांभाळून, 2022 मध्ये छापलेल्या पेपरने 2011 ची व्याख्या वापरली म्हणजे लेखक आळशी असं नाही, त्याचे पेशंट 2012 ते 2017 चे असतील आणि प्रोटोकॉल तेव्हाच ठरलेला असेल. जमलं तर छापल्याच्या वर्षाऐवजी पेशंट घेतल्याचं वर्ष धरा, मेहनत जास्त आहे पण ग्राफ खरा येतो.

मोजणी आणि नकाशे

1976 च्या पेपरला 2019 च्या पेपरसमोर एकूण आकड्यावर उभं करणं बरोबर नाही हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून लोक वयाने भागतात, म्हणजे वर्षाला सरासरी किती. ठीक, पण तेही अर्धवट, कारण क्लिनिकल पेपर पहिली दोन वर्षं थंड असतो आणि मग चढतो. त्यापेक्षा प्रत्येक पेपरसाठी छापल्यापासूनची पहिली पाच वर्षं धरा, तुलना जास्त सरळ होते, तरी एक लक्षात ठेवा, 1970 च्या दशकात मुळात पेपरच कमी निघत आणि रेफरन्स लिस्टही लहान असायच्या, त्यामुळे तेव्हाची वीस सायटेशन आजच्या वीससारखी नाहीत. पबमेडमधल्या पेपरांसाठी एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या आयसाईटवर रिलेटिव्ह सायटेशन रेशो फुकट मिळतो, तो क्षेत्र आणि वर्ष दोन्ही लक्षात घेतो, सोबत द्यायला हरकत नाही.

सेल्फ-सायटेशन काढायची की नाही यावर वाद आहेत. या क्षेत्रात केंद्रं मोजकी आणि कन्सेन्ससच्या पेपरांवर लेखकांची लांबलचक रांग, त्यामुळे "एक जरी लेखक कॉमन असला तरी सेल्फ" हा नियम लावला तर व्याख्यांच्या पेपरांची बरीच सायटेशन उडून जातात, ते लोकच हे काम करतात म्हटल्यावर दुसरं काय होणार. पहिला किंवा शेवटचा लेखक तोच असेल तरच सेल्फ धरा, किंवा दोन्ही प्रकारे मोजून दाखवा.

नकाशांचं थोडक्यात. दोन पेपर एकाच तिसऱ्या पेपरच्या रेफरन्स लिस्टमध्ये एकत्र येतात त्याला को-सायटेशन म्हणतात, ही कल्पना हेन्री स्मॉलची, 1973. दोन पेपर एकाच जुन्या पेपरला धरतात ते बिब्लिओग्राफिक कपलिंग, केसलर, 1963. पहिल्याने क्षेत्राचा जुना पाया दिसतो, दुसऱ्याने आत्ता कोण कोणाजवळ काम करतंय ते. व्हॉसव्ह्यूअर दोन्ही करतो. ते रंगीत फुगे फार आकर्षक असतात आणि तिथेच धोका आहे, किमान सायटेशनची मर्यादा दहावरून वीस केली की कधीकधी एक आख्खा गट गायब होतो. म्हणून तीन वेगवेगळ्या मर्यादांवर चालवा, जे गट तिन्ही वेळा टिकतात त्यांच्याबद्दलच बोला. या विषयात टिकतील असे गट सहसा अंदाजातले असतात, सांधा बदलण्याचं इन्फेक्शन, ओपन फ्रॅक्चर, प्रयोगशाळेतलं बायोफिल्म, हाडाचा जुनाट ऑस्टिओमायलायटिस. या गटांच्या मधोमध जे पेपर बसतात तेच बघण्यासारखे, कारण दोन गटांना जोडणारा पेपर बरेचदा एकूण आकड्यात फार वर नसतो.

आता खरं काम: वाक्य वाचा

कोणत्या पेपरला किती मिळाली हे कळलं, आता का मिळाली ते बघायचं. निवडलेल्या पेपरला सायट करणारे शंभर पेपर रँडमली उचला, त्यातलं ते वाक्य शोधा जिथे रेफरन्सचा नंबर आहे, आणि एक्सेलमध्ये तीन कॉलम करा: वाक्य जसंच्या तसं, पेपरच्या कोणत्या भागात आहे, आणि कशासाठी वापरलं. कारणांचे पाच कप्पे पुरतात: नुसतं लेबल, पार्श्वभूमी, उपचाराचा आधार, आपल्या निकालाशी तुलना, असहमती. दोघांनी वेगवेगळं वाचायचं, मग जुळवायचं, आणि दोघांचं किती जुळलं याचा आकडा (कोहेनचा कॅपा) काढायचा. सिमेंटिक स्कॉलरवर बऱ्याच पेपरांची अशी वाक्यं आयती दिसतात, सगळी नाही.

गस्टिलोवर करून बघा. 1976 चा पेपर म्हणजे 1025 ओपन फ्रॅक्चर, त्यातली 673 मागे वळून बघितलेली आणि 352 पुढे जाऊन अभ्यासलेली, मिनिॲपोलिसमधून. त्यात टाईप एक, दोन, तीन. तीनचे ए, बी, सी असे तुकडे पडले 1984 मध्ये, गस्टिलो, मेंडोझा आणि विल्यम्स यांच्या वेगळ्या पेपरमध्ये. आता मेथड्समध्ये "तीन-बी फ्रॅक्चर घेतली" असं लिहून खाली रेफरन्स फक्त 1976 चा दिला असेल तर त्या लेखकाने मूळ पेपर उघडलेला नाही अशी दाट शंका घ्यायला जागा आहे, कारण तीन-बी त्यात नाहीच. ही तपासणी फार स्वच्छ आहे, हो किंवा नाही, मतभेदाला वावच नाही, म्हणून शिकाऊ माणसाने इथून सुरुवात करावी. शंभर वाक्यांत किती वेळा असं झालं ते मोजा, हा एकच आकडा टॉप 50 च्या अख्ख्या यादीपेक्षा जास्त बोलतो.

त्यातच दुसरा कॉलम जोडा. 1994 मध्ये ब्रमबॅक आणि जोन्स यांनी 245 ऑर्थोपेडिक सर्जनना टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) ओपन फ्रॅक्चरच्या केसेस दाखवून गस्टिलो टाईप विचारला, सरासरी एकमत 60 टक्के. म्हणजे वर्गीकरण सगळे वापरतात पण एकाच जखमेला सगळे एकच नंबर देत नाहीत. गस्टिलोला सायट करणाऱ्यांपैकी किती जण या पेपरलाही सायट करतात? मूळ पेपर आणि त्याच्यावरची शंका यांच्यातलं हे अंतर मोजणं म्हणजे माझ्या मते सायटेशन पॅटर्नचा अभ्यास, बाकी सगळं टेबलं भरणं.

उपचाराच्या बाजूला असंच रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकचं. झिमर्लींचा 1998 चा जामामधला ट्रायल, स्टॅफिलोकोकस जंतूचं (स्टॅफ) इन्फेक्शन, इम्प्लांट घट्ट बसलेलं, घेतलेल्या पेशंटची लक्षणं प्रत्यक्षात 21 दिवसांपर्यंतची, एकूण 33 पेशंट. औषध पूर्ण केलेल्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन-रिफॅम्पिसिनवर 12 पैकी 12 बरे, सिप्रोफ्लॉक्सासिन-प्लासिबोवर 12 पैकी 7. ट्रायल म्हणून नेटका आहे, पण अटी बघा किती कडक आहेत. सायट करणारी वाक्यं वाचताना हे तपासायचं की त्या अटींपैकी किती वाक्यात शिल्लक राहिल्या, सैल झालेल्या इम्प्लांटसाठी, महिनोन्महिने जुन्या इन्फेक्शनसाठी, वेगळ्याच अँटिबायोटिकच्या जोडीने वापरण्यासाठी तोच रेफरन्स दिलाय का. मग 2020 चा नॉर्वेतला ट्रायल घ्या, सांध्याच्या स्टॅफ इन्फेक्शनमध्ये 48 पेशंटचं विश्लेषण, रिफॅम्पिसिन जोडल्याचा सिद्ध होईल असा फायदा दिसला नाही. तोही लहानच आणि पद्धतही वेगळी, त्यामुळे कोण बरोबर हे इथे ठरवायचं नाहीये. बघायचं एवढंच, 2021 नंतरच्या पेपरांत दोघांना एकत्र धरणारे किती, फक्त पहिल्याला धरणारे किती, आणि ज्यांनी फक्त एकच धरला त्यांच्या डिस्कशनमधला सूर किती ठाम आहे.

आणि अजून एक, साखळी. बरेचदा वाक्याचा रेफरन्स मूळ ट्रायलचा नसतोच, 2004 च्या रिव्ह्यूचा असतो, किंवा गाईडलाईनचा, गाईडलाईन रिव्ह्यूकडे बोट दाखवते, रिव्ह्यू ट्रायलकडे. मागे मागे जात राहा जोपर्यंत प्रत्यक्ष पेशंट असलेला पेपर हाती लागत नाही, आणि किती पायऱ्या लागल्या ते लिहा. वीस लेख एकच गोष्ट ठासून सांगतात आणि वीसही एकाच विहिरीतून पाणी काढतायत असं निघू शकतं. स्टीव्हन ग्रीनबर्गने 2009 मध्ये बीएमजेत स्नायूंच्या एका आजारावर हेच दाखवलं होतं, की विरोधी निकाल देणारे पेपर कसे सायट होत नाहीत आणि गृहीतक हळूहळू फॅक्ट कसं बनतं. त्याची पद्धत हाडांच्या इन्फेक्शनला जशीच्या तशी लावता येते, करायला घ्या.

उलटंही होतं बरं का. ग्रिस्टिनाची इम्प्लांटच्या पृष्ठभागासाठी बॅक्टेरिया आणि शरीराच्या पेशी यांच्यातल्या शर्यतीची कल्पना आता इतकी मुरलीय की लोक ती रेफरन्स न देताच लिहितात. त्यामुळे जुन्या पेपरचा आकडा खाली आला म्हणजे तो मागे पडला असं लगेच लिहू नका, कल्पना पाठ्यपुस्तकात गेली असेल.

लिहिण्याआधी

रिट्रॅक्ट झालेले (मागे घेतलेले) पेपर शोधून काढा. रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस 2023 पासून क्रॉसरेफमार्फत सगळ्यांना खुला आहे, डीओआयची (प्रत्येक पेपरच्या कायमच्या ओळख-नंबरची) यादी त्याच्याशी जुळवायची. झोटेरो हे रेफरन्स सांभाळायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तो आपोआप लाल पट्टी दाखवतो. सापडला तर नुसता काढून टाकू नका, रिट्रॅक्ट झाल्यानंतर त्याला कोणी आणि कोणत्या वाक्यात धरलं तेही बघा.

पेपरमध्ये "सर्वाधिक प्रभावी", "सर्वोत्तम" असे शब्द टाळा, "सर्वाधिक सायट झालेले" एवढंच तुम्हाला माहीत आहे. संस्था किंवा डॉक्टर यांची क्रमवारी तर नकोच, 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को डिक्लरेशनपासून जर्नलच्या आकड्यांवरून माणसं जोखू नका असं जाहीर सांगितलं जातंय आणि रिव्ह्यूअर ते काढतातच.

पुरवणीत चार गोष्टी हव्यात: प्रत्येक डेटाबेसची सर्च स्ट्रिंग अक्षरशः जशी चालवली तशी, डाउनलोडची तारीख, थेसॉरस फाईल, आणि ती शंभर वाक्यांची एक्सेल शीट दोघांच्या कोडिंगसकट. शेवटची शीट द्यायला लोक कचरतात कारण त्यात मतभेद उघडे दिसतात, पण कोणी तुमचं काम पुढे न्यायचं म्हटलं तर त्याला नकाशा नाही, ती शीटच लागणार आहे.